आजीचा चांदीचा टी-सेट, सराफ म्हणतोय वितळवा. काय करावं?

मृदुला_बडोदेवाली

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल पण घाई आहे म्हणून सगळं एकदमच लिहिते.

माझं माहेर बडोद्याचं. आईचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानात नोकरीला होते आणि त्यांच्यापासून घरात एक चांदीचा टी-सेट आहे, म्हणजे चहादाणी, दुधाचा जग, साखरेचं झाकणवालं भांडं आणि एक मोठा ट्रे. आजी गेल्या वर्षी गेली. आता आई आणि दोन मावश्या अशा तिघींमध्ये वाटणी चाललीये आणि चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून घरात एकच विषय आहे की वजनावर देऊन टाकू, पैसे तीन ठिकाणी करू, वाद नको.

म्हणून सराफाकडे घेऊन गेलो. ट्रे सोडून तिन्ही भांडी मिळून १२५० ग्रॅम भरली. तो म्हणाला जुना माल आहे, जोड फार आहेत, १५ टक्के तूट धरीन, नक्षीचे काही मिळणार नाहीत, आणि ट्रे तर चांदीचा नाहीच. हे ऐकून मोठी मावशी फार हिरमुसली, कारण आजी तो ट्रे कुणाला हात लावू द्यायची नाही.

आता भांडी कशी आहेत ते सांगते. चहादाणीचं अख्खं अंग वेलबुट्टीने भरलंय, बोट ठेवायला रिकामी जागा नाही, आणि नीट बघितलं की त्या वेलींच्या आत हरणं, वाघ, पक्षी दिसतात, एका ठिकाणी कुत्रा सशाच्या मागे लागलाय. मूठ म्हणजे अख्खा नाग आहे, अंगावर बारीक खवले, आणि मुठीत वर आणि खाली दोन पांढऱ्या चकत्या बसवल्यात. तळाशी काहीतरी शिक्का आहे पण पुसट झालाय. ट्रेवर मात्र इंग्रजीत ई पी एन एस असं स्पष्ट आहे.

हे नक्की काय आहे, कुठलं आहे, वजनापेक्षा जास्त किंमत असते का याला? न्यूजर्सीची मावसबहीण म्हणतेय मला चहादाणी द्या, मी घेऊन जाते. आणि सगळं काळं पडलंय, तर कुणाला दाखवायच्या आधी घासून घ्यावं का? प्लीज कळवा, रविवारी सगळे परत बसणार आहेत.

चंद्रहास_गिरगाव

मृदुलाताई, सराफाला आत्ताच नाही म्हणून कळवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचं वर्णन वाचून माझं मत कच्छी कामाकडे जातंय. भुजमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे चांदीकाम झालं त्याची ओळखच ही आहे, वेलींची दाट वळणं, त्यात लपलेली जनावरं, आणि मधली जमीन (नक्षीमागचा पत्रा) बारीक बारीक ठिपक्यांनी ठोकून खरबरीत केलेली म्हणजे उठावाची नक्षी चमकून वर येते. नागाची मूठ हेही त्या कामात बऱ्याचदा दिसतं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव उमरशी मावजी यांचं, कच्छच्या महारावांचे दरबारी कारागीर, त्यांच्या वस्तूंवर इंग्रजी लिपीत ओ एम आणि भुज असा शिक्का असतो. आज जगभरचे संग्राहक त्यांच्या वस्तूंच्या मागे असतात आणि लिलावात त्यांना चांदीच्या भावाच्या कित्येक पट किंमत येते.

पण म्हणून लगेच उड्या मारू नका. भुजमध्ये चांगलं काम करणारे ते एकटे नव्हते, आणि नावाला किंमत आहे म्हटल्यावर नंतर मारलेले खोटे शिक्केही बाजारात फिरतात. उलट बाजूने, शिक्का नाही म्हणून वस्तू हलकी असंही नाही. इंग्रजांच्या देशात असतं तसं सक्तीचं हॉलमार्किंग आपल्याकडे तेव्हा नव्हतंच, कारागिराला वाटलं तर तो नाव ठोकायचा नाहीतर नाही. मी तरी नेहमी आधी काम बघतो आणि मग तळ बघतो.

दुसरीकडचं काम कसं असतं तेही सांगतो म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. मद्रासकडचं असेल तर त्यावर देवदेवतांच्या मूर्ती असतात, त्याला स्वामी काम म्हणतात, १८४९ ला सुरू झालेली पी ऑर अँड सन्स ही तिकडची मोठी पेढी, माउंट रोडवर त्यांची इमारत अजून उभी आहे. कलकत्त्याला भवानीपूरच्या कारागिरांच्या चहादाण्यांवर खेडं असतं, बैलगाडी, नांगर, झोपडी, ताडाची झाडं. लखनौला ताडामाडांचं जंगल आणि शिकार. काश्मीरच्या भांड्यांवर शालीवरची नक्षी जशीच्या तशी उतरलेली. आपल्या पुण्यातही कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांसाठी ठळक उठावाचं काम करणारे लोक होते, हीरप्पा बुचना हे नाव त्यातलं संग्राहकांना माहीत असलेलं. या सगळ्यात तुमचं वर्णन कच्छशीच जुळतं.

आणि यात एक गोष्ट मला कायम विचार करायला लावते. ज्या काळात ही भांडी घडली त्या काळात आपल्याकडे बहुतेक घरांत चहा शिरलेलाही नव्हता. घडवणाऱ्याच्या स्वतःच्या घरी चहादाणी असण्याची शक्यता कमीच. साहेब, संस्थानिक, मुंबईचे पारशी शेठ आणि संस्थानातले मोठे नोकरदार हे गिऱ्हाईक, आकार विलायती नमुन्यावरून घ्यायचा आणि अंगावर आपली वेल चढवायची. नुसता आकार बघितला तर लंडनची चहादाणी वाटेल, जवळ घेतली की कच्छ दिसतं.

ट्रेबद्दल सराफ खरं बोलला. ई पी एन एस म्हणजे आत जर्मन सिल्व्हर, तांबं निकेल जस्ताचं मिश्रण, चांदी अजिबात नाही, आणि वरून विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने याचं पेटंट घेतलं आणि मग असल्या वस्तू जहाजं भरभरून इकडे आल्या. एवढा मोठा ट्रे चांदीत करायचा तर दोन-तीन किलो चांदी सहज जाते, त्यामुळे भांडी इथली चांदीची आणि ट्रे विलायती मुलाम्याचा अशी जोडी असणं अगदी साहजिक आहे. मावशींना सांगा की ट्रे खोटा नाहीये, तोही त्याच काळातला असू शकतो आणि सेटबरोबरच राहू द्या.

राजन_ठाणे

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. इथे सगळे जपा जपा म्हणणार हे ठरलेलंच आहे. पण ही वस्तू वर्षानुवर्षं कपाटात आहे, यात कोणी चहा पीत नाही, तीन बायकांच्या नावावर आहे आणि तिघींच्या गरजा वेगळ्या असतील. एखादीला आत्ता पैशांची खरंच गरज असेल तर तिने काय करायचं? कित्येक पट किंमत म्हणणं सोपं आहे, ती देणारा माणूस दारात यायला लागतो. सराफ आज रोख देतोय. आमच्याकडे वडिलांच्या जुन्या वस्तूंवरून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालंय, त्यापेक्षा विकून मोकळं झालेलं परवडलं असं मला मनापासून वाटतं.

सोनारवाडा_खामगाव

राजनभाऊ तुमचा मुद्दा गरजेचा आहे आणि तो खोटा नाही. पण विकायचं आणि वितळवायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. विका ना, अख्खं विका.

आमची चौथी पिढी चांदीत. आता आमच्या गावाला लोक चांदीचं गाव म्हणून ओळखतात, पण अशी चहादाणी घडवणारा हात आज शोधायला गेलं तर सापडणं अवघड, मी सांगतो का ते.

पहिलं म्हणजे चांदीची लगड ठोकून पत्रा करायचा, आणि त्या सपाट गोल पत्र्यातून ठोकून ठोकून पोट वर उचलायचं. चांदी ठोकली की कडक होते, तशीच ठोकत राहिलात तर कडेला फाटते, म्हणून दर थोड्या वेळाने तिला ताव द्यायचा, लालसर होईपर्यंत तापवायची, निववायची आणि परत ऐरणीवर. एका भांड्याला असे किती ताव लागत असतील त्याची मोजदाद नाही. मग पोट तयार झालं की त्यात राळ, विटेची पूड आणि तेल असं गरम मिश्रण ओतून भरायचं, ते थंड झालं की भांडं आतून भरीव होतं पण थोडं मऊही राहतं, म्हणजे वरून कलम (छोटं पोलादी हत्यार) ठोकलं की चांदी दबते पण फुटत नाही. आता वेल काढायची आणि छोट्या छोट्या पोलादी कलमांनी बाजूची जमीन खाली दाबत जायची. प्रत्येक पानाला, प्रत्येक वळणाला वेगळं कलम, एकेका कारागिराकडे शेकड्याने कलमं असायची आणि ती त्याने स्वतः घडवलेली असायची.

पण खरी गंमत उठाव आणायची आहे. हरणाचं अंग बाहेर यायला हवं तर आतून ठोकायला पाहिजे, आणि चहादाणीचं तोंड तर लहान, हातोडा आत जाणार कसा? त्यासाठी एक लांब सळई असते, टोकाला वर वळवलेली. एक टोक शेगड्यात (पकडून ठेवणाऱ्या व्हाइसमध्ये) आवळायचं, वळवलेलं टोक भांड्याच्या आत घालायचं, आणि बाहेर राहिलेल्या सळईवर हातोडीने टिचकी मारल्यासारखा ठोका द्यायचा. सळई थरथरते आणि तिचं आतलं टोक पोटाला आतून उसळी मारतं, तिथे बाहेर फुगवटा येतो. आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही, सगळं हाताच्या अंदाजावर. फुगवटे आले की परत राळ भरायची आणि बाहेरून बारीक काम करायचं, डोळे, पिसं, खवले. शेवटी राळ तापवून काढायची.

नंतर तोटी. ती वेगळी घडवायची, जोडाला डाख (सांधायचा मिश्रधातू) लावून झाळायची. तोटी जिथे पोटाला चिकटते तिथे आत बघा, बारीक भोकं असतील, चहाची पत्ती अडायला. झाकणाला वाफ जायला एक भोक असतं. त्या पांढऱ्या चकत्या उगाच नाहीत, चांदीतून उष्णता पटकन पळते, उकळता चहा ओतला की मूठ हाताला चटका देईल, म्हणून मधे हस्तिदंताच्या नाहीतर हाडाच्या चकत्या घालून वाट तोडायची. म्हणजे नाग शोभेचाही आहे आणि धरायचाही आहे.

मृदुलाताई, तुम्ही आता एक करा. चहादाणीत मोबाईलचा टॉर्च मारा आणि आतून बघा. बाहेर जिथे हरीण उठून आलंय तिथे आत खड्डा दिसला तर ते ठोकून उठवलेलं काम. आत एकदम गुळगुळीत असेल तर नक्षी ओतून वरून चिकटवलेली असू शकते, नाहीतर आत दुसरा पत्रा असेल. दुसरं, दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. साच्यात दाबलेल्या मालात तेच पान तंतोतंत परत येतं, हाताच्या कामात एकही पान दुसऱ्यासारखं नसतं.

आता तुटीचं. त्या सराफाचं मी नाव विचारत नाही पण हिशोब सांगतो. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. त्या काळात पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक रुपये मोजून द्यायचं आणि सोनार तेच वितळवून भांडं करायचा, म्हणजे भांड्याचा कस रुपयाएवढा तरी यायचा. कच्छी कामात तर चांदी त्याहून चोख सापडते. रुपयाचा कस धरला तरी तुमच्या १२५० ग्रॅममध्ये ११४६ ग्रॅम चोख चांदी आहे. १५ टक्के तूट म्हणजे तो १०६२ ग्रॅमचे पैसे देणार. फरक ८४ ग्रॅमचा, सात तोळ्यांच्या वर, आणि हे नुसतं मोडीच्या हिशोबात, घडणावळ सोडून द्या. वितळवायचंच असतं तरी हा सौदा वाईट होता.

मृदुला_बडोदेवाली

सोनारदादा, तुमचं वाचून मी आणि आई टॉर्च घेऊनच बसलो. आत खड्डे आहेत! बाहेर जिथे वाघ आहे तिथे आतून हुबेहूब वाघाच्या आकाराचा खड्डा, आई तर बघतच राहिली, इतकी वर्षं घरात असून कुणी आत डोकावलंच नव्हतं. तोटीच्या मुळाशी भोकं आहेत, वेडीवाकडी, हाताने पाडल्यासारखी. पानंही सगळी वेगवेगळी. कुत्र्याचा एक पाय तर वेलीवरून पलीकडे गेलाय.

शिक्का भिंगातून बघितला. पहिलं अक्षर गोल आहे, ओ असेल किंवा सी किंवा जी, पुढचं झिजलंय, खाली एक ओळ आहे त्यात शेवटचं अक्षर जे सारखं वाटतंय. साखरेच्या भांड्यावर शिक्काच नाही, पण नक्षी तीच, ठिपके तसेच.

राजनकाका, तुम्ही म्हणता ते खरं आहे. धाकट्या मावशीला पैशांची गरज आहे आणि तिने ते मोकळेपणाने सांगितलंय. म्हणूनच मी विचारतेय की न तोडता काही मार्ग आहे का. एक विचार असा पण आला की तिघींनी एकेक भांडं घ्यावं.

चंद्रहास_गिरगाव

शेवटचं अक्षर इंग्रजी जे असेल तर भुज असण्याची शक्यता चांगली आहे. पण इथे फोटोवरून किंवा वर्णनावरून कोणीही ठाम सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. वस्तू हातात घेऊनच ठरतं.

एकेक भांडं वाटून घेणं मला सगळ्यात वाईट वाटतं, वितळवण्याच्या खालोखाल. तीन भांडी एका हाताने एकाच वेळी घडवलीत, त्यांची वेल एकमेकांना धरून आहे. सेट अखंड असला की त्याला मान आणि किंमत दोन्ही जास्त, सुटी चहादाणी, सुटा जग याला तेवढी नाही. तुमच्या साखरेच्या भांड्यावर शिक्का नाही, ते एकटं बाहेर पडलं की ते कुठलं हे सांगायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

मार्ग सरळ आहे. जुन्या चांदीची माहिती असलेल्या दोन ठिकाणांहून लेखी मूल्यांकन घ्या. मुंबईत लिलावसंस्था आहेत त्या फोटोवरून प्राथमिक अंदाज देतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला सरकारी परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला लाजू नका. किंमत कळली की ज्यांना ठेवायचंय त्यांनी धाकट्या मावशींचा तिसरा हिस्सा त्या किमतीवर द्यावा, वजनावर नाही. एकदम जमत नसेल तर हप्त्याने, पण लिहून. कोणालाच ठेवायचं नसेल तर अख्खा सेट विका.

१९८० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला होता. तेव्हा जगभर लोकांनी जुनी चांदीची भांडी पोत्यांनी भट्टीत घातली. भाव काही आठवड्यांत कोसळला. आज परत तसाच भाव चढलाय आणि परत सगळीकडे तेच चाललंय म्हणून मला इतकं पोटतिडकीने लिहावं लागतंय. उमरशी मावजींची किंवा त्यांच्या शेजारच्या कुठल्याही कारागिराची भांडी आता नव्याने होणार नाहीत, आहेत तेवढीच आहेत.

स्नेहा_एडिसन

मृदुला, मावसबहिणीला आधी थांबव गं. मी इथे न्यूजर्सीतच आहे, बऱ्याच जणी भारतातून येताना आजीची भांडी बॅगेत टाकून आणतात, पण तुझ्या केसमध्ये दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ती स्वतःच्या घरची असली तरी. जुनी नाही असं ज्याला वाटतं त्याने पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. तुझ्या पणजोबांच्या वेळची म्हणजे शंभरी बहुतेक ओलांडलेलीच.

दुसरं म्हणजे त्या पांढऱ्या चकत्या. हस्तिदंत निघाला तर भारतात त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि इकडे आणायचे नियमही फार कडक आहेत. म्हणजे विकायचं ठरलं तरी हा मुद्दा मूल्यांकन करणाऱ्याला आधीच सांगून त्याच्याकडून कायदेशीर बाजू समजून घ्या. आणि हो, यावर उपाय म्हणून कोणी म्हणेल चकत्या काढून प्लॅस्टिकच्या बसवू, तर घाईने तसं करू देऊ नका, मूठ एकदा उकलली की पहिल्यासारखी बसत नाही.

बहिणीला फोटो आणि व्हिडिओ करून पाठवा, सगळ्या बाजूंचे. तिला खरंच आजीची आठवण हवी असेल तर सेटमध्ये तिचाही वाटा धरता येईल की, वस्तू बडोद्यात राहू दे.

वैशाली_धातूजतन

माझं काम म्युझियममधल्या धातूच्या वस्तू जतन करण्याचं आहे, म्हणून फक्त साफसफाईवर लिहिते.

घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर, काहीही नको. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाने काळी झालेली चांदीच आहे. घासता तेव्हा तो थर चांदीसकट निघतो, आणि असं पिढ्यान् पिढ्या झालं की हरणाचं नाक, पक्ष्याचे डोळे, नागाचे खवले सपाट होतात. बाकीच्या धातूकामात डाग सुधारता येतो, झिजलेली नक्षी कोणी परत आणू शकत नाही. तुमचा शिक्का पुसट झाला तो बहुतेक असाच.

आणि खाचांमधला काळेपणा तर राहूच द्यायचा. त्या काळ्या जमिनीवरच वेल उठून दिसते. अगदी सगळं पांढरंशुभ्र केलं की ती नक्षी चपटी वाटायला लागते आणि जाणकार माणूस ते बघून नाराज होतो.

इंटरनेटवर ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा गरम पाण्याचा उपाय सगळीकडे आहे. साध्या चमच्याला ठीक आहे, रसायन म्हणून तो चालतो, गंधक चांदीवरून ॲल्युमिनियमवर जातं. पण तुमच्या चहादाणीला अजिबात नको. एक तर खाचांतला सगळा काळेपणा जाईल, दुसरं म्हणजे गरम पाण्याने हस्तिदंताला चिरा जातात, आणि तिसरं म्हणजे जुन्या भांड्यांच्या पोकळ भागात कधी कधी लाख किंवा राळ राहिलेली असते, ती गरम झाली की बाहेर येते.

करायचं एवढंच. मऊ सुती कापडाने धूळ टिपा. चिकटपणा असेल तर कोमट पाण्यात एक थेंब सौम्य साबण, कापूस ओला करून पुसा, मूठ भिजवू नका, लगेच कोरडं करा. बस. ट्रेला तर त्याहून हलका हात, त्यावरचा मुलामा इतका पातळ असतो की जरा जास्त चोळलं की खालचा पिवळट धातू डोकावतो.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडात नको, या सगळ्यांतून गंधक मिळतं. धुतलेलं जुनं मलमल किंवा सुती धोतर सगळ्यात छान. डब्यात खडूचे तुकडे ठेवले तर दमटपणा थोडा शोषला जातो. हाताळताना सुती हातमोजे, नसतील तर हात धुऊन कोरडे करून, कारण घामाचे ठसे पण उमटतात.

मुंबईला आलात तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. १८७२ ला उघडलेलं, एकोणिसाव्या शतकातल्या हस्तकलांसाठीच ते उभं राहिलं. तिथे आधी काम केलेले जॉर्ज बर्डवूड, जन्म आपल्या बेळगावचा, यांनी पुढे लंडनमध्ये भारतीय कारागिरांची बाजू फार जोराने मांडली. १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला इथे मिळालेल्या भेटी पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि युरोपात भारतीय चांदीकामाकडे लोकांचं लक्ष गेलं. तुमच्या आजीच्या चहादाणीचं बाजारातलं जग ते आहे.

राजन_ठाणे

हप्त्याने लिहून द्यायची कल्पना मला पटली. आमच्याकडे तेव्हा कोणी असं सुचवलं असतं तर बरं झालं असतं. मृदुला, लिहून घेताना तिघींच्या सह्या घे आणि भांड्यांचे फोटो त्या कागदालाच जोड, वजनासकट. आणि सेट कुणाकडे राहणार, सणाला कुणी मागितला तर द्यायचा का, हेही त्यातच लिहा. नंतर छोट्या गोष्टींवरूनच बिनसतं.

मृदुला_बडोदेवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काल हा अख्खा धागा आईने दोन्ही मावश्यांना फोनवर वाचून दाखवला. मोठी मावशी ट्रेचं ऐकून खुश झाली, म्हणाली मग तो माझ्याकडे राहू दे, मला चांदी नसली तरी चालेल. धाकटी मावशी वितळवायला नको या बाजूला आलीये, फक्त किमतीचं पटकन कळायला हवं म्हणाली आणि ते रास्त आहे. रविवारी सगळ्यांच्या देखत वजन आणि फोटो करणार आहोत, सोमवारी मूल्यांकनासाठी दोन ठिकाणी पाठवणार.

त्याआधी एक विचारायचं राहिलं. चांदी किती चोख आहे हे तपासून घ्यायचं तर सराफ कानस मारून बघतो म्हणाला, ते चालेल का?

सोनारवाडा_खामगाव

कानस नाही, कसोटीवर घासणं नाही, आम्लाचा थेंब तर मुळीच नाही. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी कस मोजणारं) मशीन असलेलं हॉलमार्किंग सेंटर बघा, बडोद्यात मिळेल, त्यात वस्तूला ओरखडाही येत नाही, नुसती मशीनखाली ठेवायची. फक्त तिथल्या माणसाला सांगा की तीन वेगळ्या जागी घे, पोटाला, तळाला आणि झाकणाला. तोटीच्या किंवा मुठीच्या जोडाजवळ घेऊ नको म्हणावं, तिथे डाखातलं तांबं आणि जस्त येतं आणि कस उगाच कमी दाखवतो, त्यावरूनच तूट लावायला निमित्त मिळतं. प्रत्येक भांड्याचा वेगळा छापील रिपोर्ट मागून घ्या. साखरेच्या भांड्याचा आणि चहादाणीचा कस सारखा आला तर ती दोन्ही एकाच दुकानातली म्हणायला तुमच्याकडे आणखी एक आधार होईल, शिक्का नसला तरी. आकडे आले की इथे टाका, मी बघतो.